हिरव्यावरून उठवलेल्या मेंढ्या

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या हिवरदऱ्यात हिरवं म्हणावं असं एकच रान उरलं होतं. मेंढपाळांच्या सहकारी संस्थेचा लसूणघास. त्या घासाला पाणी देण्याचं आणि रोज कापून वाटण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून पुढे जे झालं ते मला जवळून दिसलं. त्या हिरव्यावरून आपल्या मेंढ्या उठवून कुसळाच्या माळावर नेणारी बाई म्हणजे कडूबाई. लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. आज गावातल्या पोरांना विचारलं तर ती एवढंच सांगतील, की म्हाताऱ्या म्हाळूची बायको. मला ते बरं वाटत नाही. लिहिण्याची सवय नाही, पण आठवतं ते मांडून ठेवतो.

कडूबाई पाटोद्याकडच्या डोंगरातली, धनगराची लेक. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिच्या वेळी आजीनं नाव ठेवलं कडू. कडू वस्तू कोण तोंडात घालतो? यम आला तरी थुंकून जाईल, असा त्यामागचा विचार. बाई मात्र बोलायला मोकळी आणि हसायला मोठ्यानं. लग्न होऊन हिवरदऱ्यात आली तेव्हा बापानं आंदण म्हणून मेंढीची दोन कोकरं बरोबर दिली. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. त्यांच्या घरात ही रीतच होती. आंदणाची कोकरं सासरच्या कळपात मिसळायची, चरायची, पण त्यांचा वेल, म्हणजे पुढची सगळी पिढी, लेकीची समजायची. कोणती मेंढी त्या वेलाची हे बाईला तोंडपाठ असायचं.

तो वेल वाढत गेला. रोगात कमी झाला, लांडग्यांनी कमी केला, पुन्हा वाढला. कडूबाईची एकच लेक, ताराबाई, अंबाजोगाईकडे दिलेली. तिलाही टिळ्याच्या मेंढ्या आंदण दिल्या होत्या, पण पहिल्याच दुष्काळी सालात तिच्या सासरच्यांनी त्या विकून टाकल्या. आता टिळा उरला तो फक्त कडूबाईच्या कळपात. त्या कळपाची म्होरकी होती मोरी. तिच्या गळ्यात पितळेची घंटा होती, तीही माहेरचीच. मोरी उठली की कळप उठायचा, मोरी बसली की बसायचा.

म्हाळू फार बोलणारा माणूस नव्हता. त्याचं शहाणपण हातात होतं. मेंढराच्या पाठीवरून, माकडहाडाच्या अलीकडे, तो पंजा असा फिरवायचा की ते जनावर किती भरेल हे त्याला कळायचं. बाजारात व्यापारी आधी म्हाळूच्या तोंडाकडे बघायचे आणि मग मेंढराकडे.

दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं चारा छावण्या काढल्या. आमच्या बाजूच्या छावणीत गाई-बैल घेत होते, मेंढ्या घेत नव्हते. मेंढरांना दावण नसते, ती एका जागी राहत नाहीत, असं तिथले लोक म्हणायचे. मग विठ्ठलरावांनी पुढाकार घेऊन मेंढपाळांची संस्था काढली. विठ्ठलरावांची जमीन पाझर तलावाच्या खाली. तलाव आटला होता, पण खालच्या विहिरीला पाझर होता. ती जमीन संस्थेनं कसायला घेतली आणि दिवाळी झाल्यावर लसूणघास पेरला. ज्यानं शेअर घेतला त्याला घास. संक्रांतीला पहिली कापणी झाली आणि गुडघाभर हिरवं रान बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही, माझ्याही आलं.

थोड्याच दिवसांत घासावर काळा मावा पडला. शेंडे काळे दिसायला लागले, पानांवर चिकटा आला, खालच्या पानांना तपकिरी ठिपके. मी विठ्ठलरावांना म्हणालो, "फवारावं का? मावा हटत न्हाई."

म्हाळू तिथंच बांधावर बसला होता. "फवारणार असशील तर आदी मला पाज त्यातलं," तो म्हणाला. "इखाचा घास खाऊन जित्राब मेलं म्हंजी?"

त्याचं खरंच होतं. रोज कापून रोज खाऊ घालायचा घास, त्यावर औषध कसं मारायचं? सगळ्यांनी ठरवलं, मावा तर मावा. कडूबाईनं एक पान तोडून जिभेला लावलं. "आरं, गोड हाय की! काकवीवानी लागतंय. म्हनून तर मेंढ्या चाटून पुसून खायल्यात."

मेंढरांना तो घास खरंच आवडला होता. आणि अंगी लागत होता. खच्ची केलेले नर तर बघता बघता गोल झाले. म्हाळू पाठीवर पंजा ठेवायचा आणि मान हलवायचा. "बोटाला काटा लागत न्हाई," तो म्हणायचा. म्हणजे पाठीच्या कण्याची हाडं मांसात बुडाली होती. दुष्काळात, जिथं माणसांच्या बरगड्या दिसत होत्या तिथं, खच्च्यांच्या पाठी अशा भरल्या की व्यापारी नेकनूरहून चौकशीला यायला लागले. म्हाळूकडचा भुऱ्या नावाचा खच्ची तर सगळ्यांत जड. विठ्ठलराव म्हणायचे, आता गावाला ऊसतोडीला जायची गरज नाही, घास लावा आणि खच्ची पाळा.

कडूबाईचं लक्ष मात्र मेंढ्यांकडे होतं. तिच्या बापाची शिकवण होती, मेंढा सोडायच्या आधी मेंढीला हिरवं दाखवायचं. पोटात हिरवं गेलं की मेंढी लवकर गाभ धरते, एखादी जुळं देते. एरवी दुष्काळात हिरवं कुठून आणणार? औंदा दारात होतं. म्हणून ती आपल्या वाट्यातला कवळा, चिकट्यानं चमकणारा शेंडा वेगळा काढायची आणि मोरीला, मोरीची लेक बांडीला, टिळ्याच्या बाकी मेंढ्यांना चारायची. मी तिला हसायचो. "मावशी, बाळंतिणीचे लाडू चारल्यावानी चारतीस."

"चारते. तुला कावून पोटदुखी?"

पाडवा गेला, आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. मेंढ्या माजावर येत होत्या, मेंढा जात होता, आणि पुन्हा काही दिवसांनी त्याच मेंढ्या माजावर. एकीचंही पोट दिसेना. आधी मेंढ्याला दोष दिला गेला. म्हाळूनं आपला मेंढा बदलून मेव्हण्याचा आणला. मेव्हण्याच्या मेंढ्याची तिकडे कोकरं बागडत होती. इथे त्याचंही तेच झालं. मग लोकांच्या लक्षात आलं की एकट्या म्हाळूकडेच नाही, संस्थेतल्या सगळ्यांकडे हीच तऱ्हा आहे. आणि छबुबाई, जिनं भीतीपोटी शेअर घेतला नव्हता, जिच्या चार मेंढ्या माळावर हिवराच्या शेंगा वेचून खात होत्या, त्या चारी गाभण.

पारावर थट्टा सुरू झाली. सुग्रीव नावाचा एक बोलभांड माणूस होता. तो म्हणायचा, "सोसायटीचा शेअर घेतला का मेंढी आटती बे. आपन तर बायकोला बी सांगितलं, तिकडून जाऊ नको."

कडूबाईला त्याच्यावर हसू आलं नाही. भाकड मेंढी धनगर ठेवत नाही. एखाददुसरी असेल तर ठीक, पण अख्खा वेल भाकड निघाला तर तो कळप नुसता मांसाचा. आणि मेंढ्यासुद्धा घासानं भरल्या होत्या. व्यापारी त्यांच्याही पाठी चाचपून बघत होता.

अशात भुऱ्याचं प्रकरण झालं. म्हाळू त्याच्या पोटाखालचे गोचीड काढत होता. हात थबकला. खच्च्याचे सड बोटभर लांब झाले होते. त्यानं दाबलं तर पांढरट थेंब आला.

तासाभरात वाडी गोळा झाली. सुग्रीव म्हणाला, "म्हाळूतात्या, उद्यापासून डेरीला घाला. फॅट बघा किती लागती!" पण बायका हसल्या नाहीत. छबुबाईनं हळदकुंकू आणलं, भुऱ्याच्या कपाळाला लावलं आणि पायावर डोकं ठेवलं. नराला दूध आलं, म्हणजे बिरोबानं कौल दिला, यंदा पाऊस पडणार. कुणी नारळ फोडला. म्हाळूनं भुऱ्याच्या गळ्यात पिवळं फडकं बांधलं. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी हळदकुंकू घेऊन यायचं. आम्ही सगळेच इतके तहानलेले होतो की कौल खोटा म्हणायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

मृगाच्या आधी गहिनीनाथ डॉक्टर लस टोचायला आले. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीनच आले होते. एकेक मेंढरू टोचत टोचत ते भुऱ्यापाशी पोचले आणि थांबले.

"हे काय?"

"देवानं दूध दिलंय खच्च्याला," छबुबाई म्हणाली.

डॉक्टर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. उकिडवे बसले, सड हळूच दाबला आणि थेंब तळव्यावर घेऊन बघितला. "असं आणखी कुणाच्या खच्च्याला आहे?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोघा-तिघांनी हळूच हात वर केले. जनावर देवाचं ठरलं तर विकता येणार नाही, या भीतीनं त्यांनी आपला कौल लपवून ठेवला होता.

"आणि मेंढ्या गाभण किती?"

"एक बी न्हाई," कडूबाई म्हणाली.

"कुणाच्याच नाही?"

"सभासदांच्या न्हाईत. ह्या छबुबाईनं शेअर घेतला न्हाई, तिच्या मेंढ्यांना पोटानं चालता येईना, बगा."

आता डॉक्टर हसले. हसता हसता मध्येच थांबले. "शेअर घेतला की काय मिळतं?"

"घास."

"मला घास दाखवा."

मी त्यांना रानात घेऊन गेलो. मागे म्हाळू, कडूबाई, विठ्ठलराव. डॉक्टरांनी शेंडे उलटून बघितले, ठिपके बघितले, बोटं एकमेकांना चिकटतात का बघितलं. मग बांधावर बसून आम्हाला समजेल असं सांगायला लागले. त्यांचे शब्द मला तसेच्या तसे आठवत नाहीत, अर्थ सांगतो.

लसूणघास वाईट नाही, ते म्हणाले. त्याच्यासारखा सकस चारा दुसरा नाही. पण लसूणघास, सोयाबीन अशा काही झाडांच्या अंगात एक द्रव्य असतं. मादीच्या रक्तात जे संप्रेरक असतं, ज्यानं ती माजावर येते, त्याच्यासारखंच ते वागतं. एरवी ते थोडं असतं. मावा पडला, पानांवर रोग आला, की झाड ते जास्त करायला लागतं.

"कावून?" कडूबाईनं विचारलं.

"स्वतःला वाचवायला, असं म्हणतात." डॉक्टरांनी हातातला शेंडा खाली ठेवला. "खच्च्याच्या अंगात नराचं संप्रेरक उरलेलं नसतं. त्याच्यावर हे लवकर दिसतं. अंग मांस धरतं, पाठ भरते, जास्त झालं तर दूधही येतं. मेंढीचं मात्र बिघडतं. माज येतो, गर्भ राहत नाही. ऑस्ट्रेलियात असंच एका घासानं कळपच्या कळप वांझ राहिले होते."

म्हाळूनं आपल्या पंजाकडे बघितलं. "म्हंजी भुऱ्याची पाट भरली, ती खोटीच?"

"पाठ खरी आहे, तात्या. तुमच्या हाताला लागतं ते मांसच आहे. त्यातलं किती सकस चाऱ्याचं आणि किती या द्रव्याचं, ते मला इथं बसून सांगता येणार नाही. घास तपासायला पाठवतो. तोपर्यंत हे सगळं मला वाटतंय, एवढंच समजा."

"घासानं अंगाला खोटा निरोप धाडला म्हना की," कडूबाई म्हणाली. "खच्च्याला म्हनला, तू मादी हायेस. आन् मादीला काय म्हनला वो?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही. तिचं अंग गोंधळलं, एवढं खरं."

कडूबाईनं मग ते विचारलं ज्यासाठी ती इतका वेळ उभी होती. "हे फिरतंय का माघारी?"

डॉक्टरांनी चिकटलेली बोटं मातीत पुसली. "घास पूर्ण बंद करा. वाळका चारा, शेंगा, पाला. दोन महिने तरी. मग मेंढा सोडा. बऱ्याचशा धरतील असं वाटतं. ज्या वयानं मोठ्या आहेत, ज्यांनी जास्त खाल्लाय, त्यांचं सांगत नाही."

सगळ्यांत जास्त कुणी खाल्ला होता ते कडूबाईला माहीत होतं. तिनंच हातानं चारला होता.

त्याच आठवड्यात संस्थेचा ट्रक नेकनूरच्या बाजाराला जायचा होता. सगळ्या सभासदांची जनावरं मिळून एक ट्रक भरायचा, अर्धा ट्रक व्यापारी घेत नाही. त्यात खच्च्यांबरोबर भाकड मेंढ्याही घालायचं आधीच ठरलं होतं. संध्याकाळी विहिरीजवळच्या लिंबाखाली सभा बसली. डॉक्टरांचं बोलणं विठ्ठलरावांनी सगळ्यांना सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मग ते कडूबाईकडे वळले.

"कडूबाई, डाक्तर 'वाटतं' म्हनला. वाटन्यावर दुष्काळ निघतो का? आज तुझ्या मेंढ्या अंगानं भरल्यात. वाळक्यावर न्हेल्या का म्हयन्यात हाडं दिसतील. मग कोकरू बी न्हाई आन् बाजार बी न्हाई."

"खरं हाय दादा तुमचं."

"मग?"

"मग काय. खच्ची न्या सगळे. मेंढ्या मी देत न्हाई." तिनं पदर खोचला. "ताराच्या गेल्या. ह्या गेल्या का माझ्या बापाचं काय ऱ्हायलं? नुसती घंटा? ती कुनाच्या गळ्यात बांदू, माझ्या?"

"बांद की," सुग्रीव म्हणाला, "तात्याला सापडशील तरी."

सगळे हसले. कडूबाईसुद्धा हसली, डोळे पुसत. मला वाटतं त्या हसण्यानंच विठ्ठलराव नरमले. ते म्हणाले, "बरं. मेंढ्या ठिव. पर ट्रकमदी तुझी जागा मोकळी गेली तर बाकीच्यांचा माल अडतो. सगळे खच्ची म्हनलीस, तर भुऱ्या बी दे. व्यापाऱ्याचा डोळा त्याच्यावरच हाय, त्यो असला का ट्रक हालतो."

हसणं थांबलं. छबुबाईनं तोंडावर पदर घेतला. म्हाळू उभा राहिला. मी त्याला सभेत कधी बोलताना पाहिलं नव्हतं.

"त्यो द्यायचा न्हाई. देवानं कौल दिलाय त्याच्यात."

"देवानं न्हाई वो," कडूबाई म्हणाली. "ऐकलं न्हाई का तुमी? घासानं दिलाय."

"आन् डाक्तर चुकला आसंल तर?"

कडूबाई खाली बघून म्हणाली, "चुकला तर मेंढ्या बी जातील, भुऱ्या बी जाईल, देव बी रुसंल. मग मला शिव्या द्या."

"शिव्या द्यायला मी ऱ्हातो का बग," म्हाळू म्हणाला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि अंधारात निघून गेला.

सकाळी ट्रक आला. म्हाळू आला नाही. खच्ची एकेक करून वर चढवत होते. भुऱ्याची पाळी आली तेव्हा हमालांनी हात मागे घेतला. कपाळ कुंकवानं लाल, गळ्यात पिवळं फडकं. कोण हात लावणार? कडूबाई पुढे झाली. मेंढरांच्या डोणीतल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं, भुऱ्याचं कपाळ पुसलं. कुंकू वाळून केसांत बसलं होतं, पुन्हा पुन्हा पुसावं लागलं. मग फडक्याची गाठ सोडली.

"अगं कडे," छबुबाई म्हणाली, "हात झडतील."

"झडू दे. मेंढ्या वळायला पाय लागत्यात."

तिनं भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला फळीवरून वर ढकललं.

त्याच दुपारी ती मेंढ्या घेऊन माळावर गेली. ते सोपं नव्हतं. हिरव्याची चटक लागलेलं जनावर वाळक्याला तोंड लावत नाही. वारा तलावाकडून सुटला की घासाचा वास जायचा आणि मोरी घंटा वाजवत उताराला लागायची. तिच्यामागे अख्खा कळप. कडूबाई धावत पुढे जायची, आडवी व्हायची. दिवसातून किती वेळा, देव जाणे. रात्री वाघर लावून, म्हणजे जाळ्याचं कुंपण करून, ती त्यांच्याजवळच झोपायची. पारावर नवीन थट्टा मिळाली होती. कडूबाईनं मेंढ्यांना एकादशी धरायला लावली. दुष्काळात सोन्यासारखा घास सोडून कुसळं चारणारी बाई बघायची असेल तर माळावर जा.

तिच्या वाट्याचा घास मी रोज बाजूला ठेवत होतो. विठ्ठलरावांकडे गेल्या सालचा थोडा कडबा होता, बैलांसाठी जपून ठेवलेला. मी भीत भीत त्यांना विचारलं, घासाच्या बदल्यात कडबा द्याल का? बैलांना गाभण राहायचं नाही. ते म्हणाले, "न्हे. पर माझ्या नावानं सांगू नको."

मी पेंढ्या बांधत होतो तेव्हा म्हाळू आला. कडबा डोक्यावर घेतला आणि माळाची वाट धरली. नंतर कडूबाईनं मला सांगितलं, तो येऊन वाघरीजवळ बसला आणि म्हणाला, "भाकर हाय का?" एवढंच.

मेंढ्या वाळल्या. विठ्ठलराव म्हणाले होते तसंच झालं, हाडं वर आली. म्हाळू पाठीवरून हात फिरवायचा बंद झाला. पाऊस पडला, पण नावापुरता. माळावर पोपटी लव आली आणि पंधरा दिवसांत करपली. छबुबाई म्हणायची, कौल बाजारात विकल्यावर दुसरं काय होणार. म्हाळू ऐकायचा आणि घोंगडं झटकून उठायचा. मला वाटतं तो आतून कडूबाईवर रागावलेलाही नव्हता. तो भ्यालेला होता. तीही भ्यालेली होती. एकदा घासाजवळून जाताना मला नावानं हाक मारून म्हणाली, "उत्तरेसर, डाक्तर चुकायला नको रं." डॉक्टरांची तोवर बदली झाली होती. तपासायला पाठवलेल्या घासाचं काय झालं, ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

नागपंचमीनंतर मेंढा सोडला. मेंढ्या माजावर आल्या. पण त्या तर आधीही येत होत्या. खरी परीक्षा पुढे होती. माज पुन्हा फिरला नाही तर धरलं म्हणायचं. ते दिवस कडूबाईनं कसे काढले मला माहीत नाही. मी घास कापत असताना ती माळाच्या कडेला उभी दिसायची, नुसती मेंढ्यांकडे बघत. एक दिवस ती खाली आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बांडी फिरली न्हाई." पुढच्या आठवड्यात, "आनखी बी न्हाई फिरल्या." मोरीचं मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला बांडी व्याली. म्हाळूनं मला हाक मारली म्हणून मी धावत गेलो. कोकरू ओलं, चिखलात लोळल्यासारखं, उभं राहायची धडपड करत होतं. म्हाळूनं ते मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं त्याच्या कपाळावरचा चिकट थर हळूहळू पुसला. खाली पांढरं दिसायला लागलं. तो पुसत राहिला, पूर्ण टिळा दिसेपर्यंत.

"हाय," तो म्हणाला. "टिळा हाय."

कडूबाई तेव्हा हसलीही नाही, रडलीही नाही. बांडीसमोर कडबा टाकत म्हणाली, "तुमी बसा पुसत. तिला पानी कोन पाजनार?"

टिळ्याच्या बऱ्याच मेंढ्या व्याल्या. काही राहिल्या त्या राहिल्या. संस्थेत तेव्हापासून रीत पडली, घास खच्च्यांना, आणि मेंढ्यांना द्यायचा तर निरोगी, तोही मेंढा सोडायच्या दिवसांत नाही. एका शब्दाचा ठराव झाला नाही, पण सगळे ते पाळायला लागले. दोन सालांनी ताराबाईला पुन्हा टिळ्याची दोन कोकरं गेली. ती दोन्ही बांडीची.

मोरी शेवटपर्यंत धरली नाही. कडूबाईनं तिच्या गळ्यातली घंटा काढून बांडीला बांधली. पण मोरी सवयीनं पुढेच चालायची आणि घंटा मागून वाजायची, त्यामुळे काही दिवस कळपाला कळेना की जायचं कुणाच्या मागं. म्हाळू तिला चिडवायचा. "भाकड जित्राब कावून सांभाळतीस?"

"तुमाला बी सांभाळतेच की."

एकदा ती मोरीला घेऊन मी कापत होतो त्या रानाच्या कडेला आली. घासावर पुन्हा मावा होता, शेंडे चिकट्यानं चमकत होते. कडूबाईनं पान तोडून दोन बोटांत चोळलं, बोटं एकमेकांना चिकटली. मी विळा थांबवला. मला वाटलं आता ओरडणार.

"ह्यातली पेंढी दे," ती म्हणाली. "गोड शेंड्याची. हिला आता चालतंय."

मी पेंढी बांधून दिली. मोरी तिथंच उभी राहून, घाई न करता, खात राहिली.